काल्यात सगळ्यांची शिदोरी

दिवाळी जवळ आली की वृद्धाश्रमांच्या फाटकासमोर गाड्या थांबू लागतात. फराळाचे पुडे येतात, ब्लँकेटे येतात, शाली येतात. खुर्च्या मांडून आजी-आजोबांना ओळीने बसवले जाते. एक भाषण होते, दोन गाणी होतात, पुडा हातात देताना फोटो निघतो आणि तासाभरात गाड्या परत जातात. त्या आठवड्यात अशी तीन-चार मंडळे येऊन जातात. मग तुळशीचे लग्न झाले की संक्रांतीपर्यंत फाटक फारसे वाजत नाही.

येणाऱ्यांच्या मनात खोट नसते, हे आधीच सांगतो. स्वतःच्या घरची दिवाळी बाजूला ठेवून कोणी दुसऱ्याच्या दारी जातो, त्याचा हात मोठाच म्हणायचा. उणीव आहे ती बसण्याच्या जागेत. ज्यांचा सण, तेच समोर प्रेक्षक होऊन बसलेले असतात. टाळ्या वाजवणे आणि पुडा घेणे, एवढीच दोन कामे त्यांच्याकडे उरतात. जिने पन्नास वर्षे घरच्या दिवाळीची करंजी स्वतः मुरडली, तिला आयती करंजी मिळते, पण मुरडायला मिळत नाही.

आपण वारकरी सप्ताहाची सांगता काल्याने करतो. काल्याच्या कीर्तनात दरवर्षी काय ऐकतो ते आठवा. गोपाळ रानात गाई चारायला गेले. प्रत्येकाने घरून शिदोरी आणली. कोणाची लोण्याची, कोणाची शिळ्या भाकरीची, कोणाचे नुसतेच आंबट ताक. भगवंताने एकाची शिदोरी उचलून दुसऱ्याला दान दिली नाही. त्याने सगळ्यांना आपापली गाठ सोडायला लावली, सगळे एकत्र कालवले आणि घास घास सर्वांच्या मुखी घातला. स्वतःही त्यांच्या हातचे उष्टे खाल्ले. काल्यात कोणाचे काय होते ते ओळखू येत नाही, म्हणून तिथे देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष राहत नाहीत.

वृद्धाश्रमातला सण असा काल्यासारखा व्हावा, एवढेच मला तुमच्यापुढे ठेवायचे आहे. तिथे राहणाऱ्यांच्या पदराला अजून शिदोरी बांधलेली आहे. ती सोडा, असे त्यांना कोणी म्हणत नाही.

वृद्धाश्रम म्हटला की आपल्याकडच्या पुष्कळ कीर्तनांतून मुलांवर कोरडे ओढले जातात. पुंडलिकाचे आख्यान लावायचे आणि आजच्या लेकरांची खरडपट्टी काढायची. गावच्या सप्ताहात ते कदाचित चालत असेल. पण आश्रमात, आईबापांच्या देखत, त्यांच्याच लेकरांची निंदा करू नये. आपल्याला वाटते आपण तिची बाजू घेतो आहोत. ती माउली मात्र मान खाली घालते, कारण निंदा तिच्या पोटच्या गोळ्याची चाललेली असते. शिवाय सगळ्यांची कथा एक नसते. कोणाला मूलबाळच नाही. कोणाचा मुलगा आईच्या आधी गेला. कोणाच्या कोरडवाहू कपाशीने घर धुऊन नेले आणि मुलगा पुण्याकडे कंपनीत बारा तास उभा आहे. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली. त्याआधी १९९५ साली राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. कायद्याने पोटाला मिळते, डोक्यावर छप्पर मिळते. सण मात्र शासनाच्या कागदातून येत नाही, तो माणसांनी करावा लागतो.

आणि पुंडलिकाचे आख्यान लावायचेच असेल तर त्यातला देव पाहा. देव भेटायला आला तेव्हा पुंडलिक मायबापांच्या सेवेत होता. त्याने वीट भिरकावली आणि देवाला थांबायला सांगितले. देवाने भाषण केले नाही, मला वेळ नाही असेही म्हटले नाही. तो विटेवर उभा राहिला. वृद्धाश्रमात जाणाऱ्या पाहुण्याची जागा तीच आहे. म्हाताऱ्या माणसांचे चाललेले काम संपेपर्यंत आपण विटेवर उभे राहावे. त्यांची पूजा, त्यांचे जेवण, त्यांचे औषध, त्यांची दुपारची झोप, हे आधी. आपला कार्यक्रम नंतर.

आमच्या वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभे केले. १९३९ साली परचुरे शास्त्री महारोग घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण शास्त्रीबुवा तिथे नुसते सेवा घेत पडून राहिले नव्हते. ते संस्कृतचे पंडित होते, आणि आश्रमातल्या मंडळींना संस्कृत शिकवीत होते. ज्याचे अंग दुसऱ्याला चोळावे लागते, त्याच्याजवळही शिकण्यासारखे काही असते, हे त्या झोपडीने दाखवले.

पुढे हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. जगाने टाकलेल्या माणसांनी तिथे शेती पिकवली, विहिरी खणल्या, घरे बांधली आणि १९६४ साली बाहेरच्या मुलांसाठी महाविद्यालय काढले. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले, त्यांनीच गावाच्या पोरांना शिक्षण दिले. आज त्यांच्या 'स्वरानंदवन' वाद्यवृंदात अंध-अपंग कलावंत मंचावर असतात आणि धडधाकट लोक खाली बसून ऐकतात. बसण्याच्या जागा तिथे उलट्या झाल्या. आपल्या वृद्धाश्रमांना एवढे मोठे काम पेलणार नाही. पण सणाच्या एका दिवसापुरत्या जागा बदलायला काय हरकत आहे?

आता हे कसे करायचे ते वर्षाच्या क्रमाने सांगतो. मी रोहण्याचा. उभ्याने दोन तास कीर्तन करण्याचा दम छातीत राहिला नाही, तेव्हापासून जिल्ह्यातल्या एका आश्रमात नेमाने जातो. तिथे जे पाहिले तेच सांगत आहे.

पोळ्यापासून धरू. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा, ही आपल्या विदर्भाची खास चाल. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर नावाजलेला. आश्रमातले निम्मे आजोबा शेतकरी असतात. त्यांच्या हाताखालून किती बैलजोड्या गेल्या असतील! त्या दिवशी आसपासच्या पोरांना लाकडी नंदी घेऊन आश्रमाच्या अंगणात बोलवावे. नंदी आजोबांनी सजवावेत, झडत्या आजोबांनी म्हणाव्या, आणि बोजारा त्यांच्याच हाताने पोरांना मिळावा. खाऊचे पैसे हवे तर तुम्ही गुपचूप आणून द्या, पण पोरांपुढे हात आजोबांचा असू द्या. एका वर्षी अर्धांगवायू झालेल्या एका बाबांनी खुर्चीवर बसून एकामागून एक झडत्या सुरू केल्या. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते, तरी पोरे पुढची ओळ ऐकायला गुडघ्यावर बसली होती.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. आंबील, पुरण, सोळा भाज्या हे सगळे करण्याचे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे त्या बाया आश्रमात बसलेल्या, आणि स्वयंपाक मात्र बाहेरून येतो. एका आजींनी मला एकदा सांगितले, "महाराज, पुरन आयतं आलं, चांगलंच होतं. पन सनाच्या दिशी माह्या हाताले कनीक लागली नाई, तं तो सन कायचा?" त्यांचा हात थरथरतो, पोळी लाटणे त्यांना जमणार नाही. पण परातीत चार मुठी कणीक घेऊन त्या मळू शकतात. भाजी निवडणे, वाती वळणे, लसूण सोलणे, मीठ चाखून सांगणे, अशी कामे बसल्या जागी होतात. पुढच्या वर्षीपासून स्वयंपाकीणबाई त्यांना विचारून आंबिलीत ताक घालू लागल्या. आजींचा आवाज तेव्हापासून थोडा चढा झाला आहे, अशी तक्रार मी ऐकली. मला ती तक्रार आवडली.

त्याच महिन्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. त्या गाण्यांच्या चाली आजच्या कितीतरी मुलींना येत नाहीत, आणि आश्रमातल्या आज्यांना त्या झोपेतही येतात. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे न्यावे. त्यांनी वही आणावी आणि उतरवून घ्यावे. मुली शिकायला गेल्या की आज्या आपोआप शिकवणाऱ्या होतात.

कोजागिरीनंतर काकड्याचे दिवस. गावात काकड आरतीला माणसे उठवता उठवता पुरेवाट होते. आश्रमात उलटे असते. म्हाताऱ्याला तीन-चारनंतर झोप नसते. तो अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, आणि तो वेळ त्याच्यासाठी सर्वांत कठीण. तीच काकड्याची वेळ आहे. टाळ, एक मृदंग आणि एक समई एवढ्यावर काकडा होतो. ज्यांना नको आहे त्यांची झोप मोडू नये म्हणून जागा थोडी लांबची घ्यावी आणि ध्वनिक्षेपक मुळीच लावू नये.

संक्रांतीचे सांगायला हवे, कारण तिथे सणानेच माणूस दुखावतो. हळदीकुंकवाचे वाण घेऊन बायका येतात, आणि आश्रमातल्या बहुतेक आज्यांना कुंकू नसते. दोघी-तिघींच्या ओट्या भरतात, बाकीच्या भिंतीला टेकून पाहत राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याला शास्त्र विचारायचे असेल त्याने आधी आपला संप्रदाय पाहावा. आपण कपाळाला बुक्का लावतो. तो लावताना कोणी विचारत नाही की तू सवाष्ण की विधवा, आणि बुक्का सगळे सगळ्यांना लावतात. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला कोणी तिचे मंगळसूत्र विचारत नाही. मग आश्रमात संक्रांतीला तुळस, बुक्का आणि तिळगूळ का नसावा? २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसण्याच्या आणि बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता इतर गावांनी गिरवावा असे परिपत्रक काढले. गावाने जे ठरावाने केले ते आपल्याला बुक्क्याने करता येते. आमच्याकडे आता सर्वांत वयस्कर आजी पहिला बुक्का लावतात, येणाऱ्या बायकांना, आणि वाणही त्यांच्याच हातून दिले जाते.

एकादशीविषयी दोन शब्द. आश्रमातले जुने वारकरी उपवासाचा आग्रह धरतात, आणि साखरेची गोळी किंवा सुई घेणाऱ्याने उपाशी राहणे धोक्याचे असते. धर्मशास्त्राने उपवास सांगितला तो आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला. रोग्याला त्यातून मोकळीक आहे. हे डॉक्टरने सांगितले तर ते ऐकत नाहीत, माळकऱ्याने सांगितले तर ऐकतात. म्हणून ते आपणच सांगावे. जेवून हरिपाठ म्हणा, देव रागावत नाही.

हरिपाठाची तर गोष्टच वेगळी. मुलाचे नाव विसरलेली, आज वार कोणता ते न कळणारी माणसे मी तिथे पाहतो. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की त्यांचे ओठ हलू लागतात आणि पुढचे चरण बरोबर येतात. लहानपणी चालीवर पाठ केलेले सगळ्यांत शेवटी जाते, असे जाणकारही सांगतात. त्या वेळी त्या माणसाला काहीतरी येत असते. दिवसभरात त्याला इतर काहीच येत नव्हते, हे लक्षात घ्या.

आषाढीला सर्वांना पंढरपूर घडत नाही. पण आमच्या भागाला रुक्मिणीमातेचे माहेर लाभले आहे. वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर. तिथली पालखी १५९४ पासून पायी पंढरीला जाते, अशी परंपरा सांगते. ज्या बाईचे माहेर कधीच संपले, आई गेली, भाऊ गेले, तिला एक दिवस रुक्मिणीच्या माहेरी न्यावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. पूर्वी पुलगाव-आर्वीची शकुंतला रोहण्याला थांबायची, त्या गाडीच्या आठवणीही वाटेत निघतात. प्रवासात पाणी, औषधे आणि शौचालयाची सोय यांची आखणी आधी करावी. भक्ती आपल्या जागी, पण घसरलेला पाय आणि मोडलेले खुबे यांची काळजी माणसालाच करावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रंदिवस. गावोगाव अडचण एकच, मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही. मी ज्या आश्रमात जातो तिथे सात दिवस झेपणार नाहीत म्हणून आम्ही माघात आठ प्रहरांचा, एका दिवस-रात्रीचा नामयज्ञ ठरवला. तासातासाची यादी भिंतीवर लावली. बाहेरच्या मंडळींनी दिवसाचे पहारे घ्यावेत असा माझा विचार होता. तेवढ्यात एक बाबा पुढे आले. वीस वर्षे दिंडीत वीणा वागवलेला माणूस, आता काठीवर आलेला. म्हणाले, "महाराज, रातचा पहारा मले द्या. तशीबी झोप कुठं येते?" त्यांनी दोन ते तीनचा पहारा घेतला. त्यांचे पाहून दुसऱ्यांनी बारा ते एक, एक ते दोन घेतले. उभे राहता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून वीणा धरली. गावाला जो पहारा जड जातो तो त्यांनी हलका केला. दुसऱ्या दिवशी काल्याला गावकरी आले तेव्हा ते आश्रमाचे पाहुणे होते.

पुढच्या माघात बाबा नव्हते. पावसाळ्यातच गेले. यादी लावताना दोन ते तीनच्या पुढची जागा कोरी राहिली, नाव सांगायला कोणी तयार होईना. त्या कणकेच्या आजी भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "माहं नाव लिवा." त्यांनी जन्मात वीणा धरली नव्हती. मी कशी धरायची ते दाखवले. रात्री दोन वाजता त्यांच्या गळ्यात वीणा दिली आणि बाजूला बसलो. हाताचा कंप तारेत येत होता. त्यांनी तासभर नाम घेतले आणि तीनला वीणा पुढच्याच्या गळ्यात दिली.

कोणी म्हणेल, म्हातारपणी माणसांना विसावा द्यावा, कामे कसली सांगता? विसावा द्यावाच. ज्याला पडून राहायचे आहे त्याला उठवू नये, ज्याची श्रद्धा वेगळी आहे त्याला टाळ धरायला लावू नये. खाटेला खिळलेल्याकडे सण घेऊन जावे, त्याच्या उशाशी एक पणती लावावी आणि त्याला विचारावे, ओवाळणी कोणाला द्यायची? पण न विचारता काम काढून घेणे म्हणजे विसावा नव्हे. काम सांगावे, आणि नको म्हणण्याची मोकळीक ठेवावी.

वाचकहो, तुमच्या दिंडीच्या, भजनी मंडळाच्या जवळ एखादा आश्रम असेलच. तिथे एकदाच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा नेम धरा. वारी करतो तो वारकरी, आणि वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे. वर्षाला चोवीस एकादश्या आहेत. त्यांतली महिन्याची एक आश्रमाला द्या. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जा, व्यवस्थापकांची परवानगी घ्या, वेळा विचारून घ्या आणि बसून ऐका. कोणाला काय येते ते वहीत लिहा. कोण भारूड म्हणतो, कोण मृदंग वाजवत असे, कोणाला गोधडी शिवता येते, कोणाला पंचांग कळते. दुसऱ्या खेपेला ती वही उघडून म्हणा, आजी, हे आम्हाला शिकवा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. निघताना पुढची तारीख सांगा आणि ती चुकवू नका, कारण त्या तारखेला कोणीतरी सकाळपासून धुतलेले पातळ नेसून बसलेले असते.

येत्या एकादशीला निघा. फराळाचा पुडा न्यायचा असेल तर जरूर न्या. मात्र तिथे त्यांनी केलेले काही पुढे आले, मग ते नुसते मीठ लावलेले शेंगदाणे का असेनात, तर पोट भरले आहे असे म्हणू नका. बसा आणि त्यांच्या हातचे खा.

॥ रामकृष्ण हरी ॥